बाई घाबरल्या होत्या का?

धाकट्या साहेबांचे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी वीज खात्यात ते धाकटेच राहिले. खात्याचा मुख्य अधिकारी म्हणजे थोरले साहेब आणि त्याच्या हाताखालचा दुसरा तो धाकटा, अशी तिथली जुनी बोली होती. थोरले येत गेले, जात गेले, हे आपले जागच्या जागी. मागच्या खेपेला खुर्ची रिकामी झाली तेव्हा धाकटे साहेब गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते. पण खुर्चीवर आल्या बाई. खात्याच्या इतिहासात पहिल्याच. त्यांना थोरले साहेब कसं म्हणायचं, हा लोकांना मोठाच पेच पडला, म्हणून सगळे नुसतं 'बाई' म्हणायला लागले. नेमणुकीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं होतं म्हणे, घर आणि खातं दोन्ही कसं सांभाळणार? बाईंचा मुलगा तेव्हा रोज दाढी करत होता. बाई म्हणाल्या, "घरात कुणाला भरवावं लागत नाही. खात्यात लागत असेल तर बघू."

हे उत्तर धाकट्या साहेबांना फार आवडलं होतं. बाईच आवडायच्या त्यांना, खोटं कशाला बोला! कामाला वाघ, बोलायला सरळ, आणि चूक झाली तर हाताखालच्याच्या माथी मारायची नाही. तरीही त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना धाकट्या साहेबांची नजर त्या खुर्चीकडे जायचीच.

मग तो दुपारचा घोटाळा झाला. ऊन मी म्हणत होतं, शहरभर पंखे आणि एसी चालू, आणि अशात एक मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडलं. नियंत्रण कक्षातल्या भिंतीवरचे आकडे भराभर खाली यायला लागले. मागणी तेवढीच आणि वीज कमी, त्यामुळे अर्ध्या राजधानीची वीज ताबडतोब तोडली नाही तर सगळा देशच अंधारात जाणार होता, आणि एकदा गेला की परत उजेडात यायला दोन-तीन दिवस. खोलीतल्या सगळ्यांची पाचावर धारण बसली. बाईंच्या हातातून फोन एकदा निसटला, त्यांनी तो उचलला, कापऱ्या आवाजात एकेका भागाचं नाव घेतलं आणि वीज तोडायला लावली. तासाभरात सगळं सुरळीत झालं. फक्त तेवढ्यात मंत्रिमहोदयांचं भाषण ऐन रंगात आलं असताना सभागृहात काळोख झाला, माईक बंद पडला, आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली.

देश वाचला ते कुणाला दिसलं नाही. शिट्टी मात्र सगळ्यांनी ऐकली.

आता त्या सरकारात एक शिरस्ता होता. मोठ्या अधिकाऱ्याला काढायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी नेमणुकांची समिती त्याच्या हाताखालच्या माणसाला चहाला बोलवायची. त्याची नोंद नाही, सही नाही, नुसत्या गप्पा. पण निकाल त्या चहातच लागायचा, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटे साहेब गेले. मुख्य सचिव आणि आणखी दोन सभासद बसले होते. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, बिस्किटं झाली. मग मुख्य सचिवांनी कप खाली ठेवत विचारलं, "एवढंच सांगा, त्या वेळी बाई घाबरल्या होत्या का?"

धाकट्या साहेबांना खरं म्हणजे तिथेच हसू यायला हवं होतं. आधीच्या थोरल्या साहेबांच्या वेळीही असाच चहा झाला होता. तेव्हा तर ऐन गोंधळात ते साहेब बाथरूमची कडी लावून आत बसले होते. पण त्या चहाला कुणी विचारलं नव्हतं की साहेब घाबरले होते का. विचारलं होतं, "त्यांच्यावर फार ताण पडतोय का हो?" यांनी हो म्हटलं, आणि साहेबांना भरपगारी रजा मिळाली, परत आल्यावर बढतीसुद्धा.

हे सगळं आठवत असताना धाकटे साहेब म्हणाले, "हो. घाबरल्या होत्या."

"हात वगैरे कापत होते?"

"कापत होते."

"बरं," मुख्य सचिव म्हणाले, आणि त्यांनी क्रिकेटचा विषय काढला.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं, पण हे नुसता भात चिवडत बसले. शेवटी तिनेच विचारलं, तेव्हा यांनी सगळं सांगितलं. शेवटी जोडलंही, "मी एक शब्द खोटा बोललो नाही."

"नाहीच बोललात," ती म्हणाली. "नरो वा कुंजरो वा! अहो, आणि तुम्ही? तुम्ही काय करत होता तेव्हा?"

धाकटे साहेब काय करत होते? खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. बाईंनी त्यांना दोनदा विचारलं होतं, आधी कुठला भाग तोडू? यांची बोबडी वळली होती. तोंडातून नुसती हवा आली होती.

"ते मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

"विचारलं नाही तर सांगायचं. तोंड दिलंय ना देवाने?" असं म्हणून तिने यांच्या पुढचं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बोलावलं. टेबलावर नेहमीसारखी फायलींची रास होती. बाईंचा चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"चहा झाला का?"

"झाला."

"काय विचारलं?"

"नेहमीचंच."

बाईंनी मान हलवली. "तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त आहे हो. दुसरा कुणी असता तर संधी साधली असती." आणि त्यांनी पुढची फाईल उघडली. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं धाकट्या साहेबांना वाटलं. तोंड उघडून सगळं सांगून टाकावं, एवढंच तर करायचं होतं. त्यांनी फाईलमधल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल काहीतरी विचारलं आणि बाहेर पडले. स्वतःचीच त्यांना अशी किळस आली की जिन्यात उभं राहून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

पण माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता. त्या तिरीमिरीतच ते मुख्य सचिवांकडे गेले, चिठ्ठी पाठवून बाहेर बसून राहिले आणि आत बोलावणं आल्यावर बसायचीही वाट न बघता म्हणाले, "साहेब, काल माझं सांगणं अर्धवट राहिलं. मीसुद्धा घाबरलो होतो."

मुख्य सचिवांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अरे वा! इतकी वर्षं नोकरीत काढली, पण असं समोर येऊन कबूल करणारा माणूस नाही पाहिला मी. याला मोठं मन लागतं."

"तसं नाही साहेब. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

"शांत राहिलात. अशा वेळी तेच तर जमत नाही कुणाला."

"शांत कसला? गारठलो होतो! बाईंनी दोनदा विचारलं, आधी कुठला भाग तोडू? मला सांगता आलं नाही."

"विचार करत होतात. बाई विचार करायला तयार नव्हत्या."

"अहो, बाईंनी देश वाचवला!" धाकट्या साहेबांचा आवाज चढला. त्या खोलीत इतक्या वरच्या पट्टीत ते कधी बोलले नव्हते. "हात कापत होते, तरी वाचवला! आम्ही बाकीचे नुसते उभे होतो!"

मुख्य सचिव उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वरिष्ठांवर एवढी निष्ठा! समितीला मी हे आवर्जून सांगेन. खरं सांगू, तुमच्या नावाबद्दल दोघांच्या मनात थोडी शंका होती. आता ती राहणार नाही."

धाकटे साहेब बघतच राहिले. खड्ड्यातून वर यायला म्हणून फावडं मारावं आणि खड्डाच खोल व्हावा, तसं झालं होतं. मग ते म्हणाले, "आणि मी नको म्हणालो तर?"

"तर दुसरा कुणी येईल. बाई काही राहत नाहीत, ते सकाळीच ठरलं." मुख्य सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत कळवा. घाई नाही."

धाकटे साहेब परत येईपर्यंत बातमी खात्यात पोचली होती. बाई कपाटातली आपली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. यांनी दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चहाला काय विचारलं, आपण काय म्हणालो, काय म्हणालो नाही, आणि आत्ता वरती काय झालं, अगदी काहीही न लपवता. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"घाबरले होतेच मी," शेवटी त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही." मग हातातलं पुस्तक खोक्यात ठेवून त्यांनी यांच्याकडे सरळ पाहिलं. "मग तुम्ही नको म्हणून आलात का?"

धाकट्या साहेबांनी खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती, बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. वाट पाहून झाल्यावर बाईंनी खोक्याचं झाकण लावलं आणि रोजच्या कामाच्या आवाजात बोलायला लागल्या.

"ऊन अजून वाढणार आहे. परत तशी वेळ आली तर आधी पश्चिमेकडचे कारखाने तोडा, मग बाजारपेठ. दवाखान्यांच्या लाइनला हात लावू नका, आणि मंत्र्यांना आधी विचारत बसू नका, तेवढा वेळ नसतो."

"थांबा, बाई," धाकटे साहेब म्हणाले, टेबलाशी आले आणि खिशातलं पेन काढून लिहून घ्यायला लागले.