कोरडी खोली

आमच्या खोलीत पाण्याला बंदी होती. ताप उतरवायची फसफसणारी गोळी आम्ही तिथे बनवायचो. सायट्रिक ॲसिड आणि सोडा कोरडे असतात तोवर सख्ख्या भावांसारखे शेजारी बसतात. ओलावा लागला की भांडण सुरू, आणि त्या भांडणातून वायू आणि पुन्हा पाणीच सुटतं. म्हणून फरशीही आम्ही नुसती झाडायचो, कधी पुसायचो नाही. घामेजलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवायचे.

बल्गेरियातल्या आमच्या गावात हा एकच कारखाना उरला होता, आणि त्यालाही एकच गिऱ्हाईक. ही खेप पसंत पडली तर वर्षभराचं काम, नाहीतर कुलूप. कुलूप लागलं की मला इटलीत जाऊन परक्या म्हाताऱ्यांची सेवा करावी लागणार. गावातल्या निम्म्या बायका तेच करतात. पण माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं कोण करणार?

मिश्रण तयार झालं त्या सकाळी मालक गांचो पाद्री प्रोकोपींना घेऊन आले. मोठं काम हाती घेताना पाणी मंतरून शिंपडायचं, ही आमच्याकडची रीत. मी दार अडवलं.

“मालक, कचेरीत शिंपडा, अंगणात शिंपडा. इथे नको.”

“अगं डोब्रिंका, देवालाच दाराबाहेर उभं करतेस?”

“देवाला नाही, पाण्याला.”

“जीभ आवर. चार थेंबांनी काय होतंय?”

मी बाजूला झाले. बुडत्याला काडीचा आधार, मलाही तो आशीर्वाद हवाच होता. मी क्रूस ओठांना लावला. पाद्रींनी सब्ज्याच्या पाल्याची जुडी मंतरलेल्या पाण्यात बुडवून माझ्या कपाळावर शिंपडलं, भिंतींवर शिंपडलं. यंत्रात ओतण्यासाठी मिश्रणाचं पिंप उघडंच होतं. मी झाकण टाकेपर्यंत त्यातून बारीक फसफस ऐकू आली.

ओला गोळा मी खरवडून काढला. सगळं नव्याने करायला ना ॲसिड होतं, ना वेळ. गोळ्या पाडल्या, नळ्यांत भरल्या, बुचं लावली.

गिऱ्हाइकाचा माणूस आला तोवर खोक्यांतली बुचं आपोआप उडायला लागली होती. त्याने एक नळी उघडली. गोळी त्याच्या बोटांत भिजल्या खडूसारखी चुरली. हात पुसून तो गाडीत बसला.

“आशीर्वाद घेतला नसता तर याहून वाईट झालं असतं,” गांचो म्हणाले.

“याहून वाईट काय असतं, मालक?”

त्यांनी उडालेलं एक बूच उचलून पुन्हा नळीवर दाबलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं.

घरी आईला सगळं सांगितलं, इटलीला जावं लागणार तेही. तिने एवढंच विचारलं,

“तिकडे कोणाकडे राहणार?”

“असेल कोणीतरी म्हातारी. तुझ्यासारखीच, अंथरुणावरची.”

“मग तिला वेळच्या वेळी कुशीवर वळवत जा,” आई म्हणाली. “नाहीतर पाठीला जखमा होतात.”