जाऊ नोका

या, असे पुढं सरका. सतरंजी मोठी आहे, पण मागं बसणाऱ्याच्या हातून शेवटचा शब्द निसटतो, आणि माझी आजची सगळी गोष्ट एका शब्दाचीच आहे. शब्द आपल्या वऱ्हाडातला, बोलला गेला फुलसावंगीच्या मांडवात, आणि कामी आला थेट अरबी समुद्रात. ऐका.

फुलसावंगीच्या मारोतरावांनी समुद्र कधी पाहिला नाही. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे ईसापूरचं धरण, तेही सोयरिकीला जाताना एसटीच्या खिडकीतून. पण समुद्राची खबर मात्र त्यांना रोज गावाच्या आधी. आंघोळ उरकली, देवापुढं दिवा लावला की ते मोबाइल समईशेजारी उभा करत आणि हात जोडून बसत. मोबाइलातून लेकीचा आवाज येई. मच्छीमार बंधूंनो, नमस्कार, आज दक्षिण कोकणात वारा ताशी पस्तीस ते पंचेचाळीस किलोमीटर, लाटा दोन मीटरपर्यंत. एवढं ऐकून झालं की मग आरती.

लेक म्हणजे निकिता. यवतमाळला पदार्थविज्ञान शिकली, पुण्याला हवामानाचं शिकली, आणि आठ महिन्यांपासून कोकणातल्या एका संस्थेत होती. सरकारी अंदाजातले आकडे सोप्या मराठीत उतरवायचे, स्वतःच्या आवाजात भरायचे आणि कोळ्यांच्या मोबाइलवर धाडायचे, हे तिचं काम. गावाला याची मोठी गंमत. चहाच्या हॉटेलात प्रेमसिंग मुद्दाम विचारायचा, "काका, आज समुद्र काय म्हंते? बैल सोडू का घरीच बांधू?" मारोतराव चिडत नसत. आज खवळेल हाय, तू नांगर घेऊन खोल जाऊ नोको, असं गंभीर तोंडानं सांगत आणि बशीतला चहा फुंकत. छाती मात्र तेवढ्यात दोन बोटं वर यायची.

कार्तिकातला सप्ताह लागला. मारोतराव तीस वर्षांपासून सप्ताहाचे मृदंगी. निकिता चार दिवसांची सुट्टी काढून घरी आली, तेव्हा घर भरल्यासारखं झालं. पण दुसऱ्या सकाळी समईशेजारच्या मोबाइलातून भलताच आवाज आला. पुरुषाचा, स्वच्छ, बातम्या देणाऱ्यासारखा. मारोतरावांचे जोडलेले हात सुटले. लेक बाजूलाच वाती वळत बसली होती. आवाज काहून बदलला, असं त्यांनी विचारलं. ती आधी म्हणाली, सुट्टीवर हाय ना मी. मग दोन वाती वळून झाल्यावर तिनं खरं सांगितलं.

महिन्याभरापूर्वी असंच वादळी वारं येऊ घातलं होतं. घाईत तिची नजर कागदावरून सरकली, आणि "समुद्रात जाऊ नये" म्हणायच्या जागी तोंडून निघून गेलं, "समुद्रात जाऊ नोका." आपल्याकडं नोका म्हणजे नका. किनाऱ्यावर त्यांना ऐकू आलं नौका. मग काय विचारता. बंदराबंदरात होड्या ढकलताना पोरं ओरडू लागली, जाऊ नौका, जाऊ नौका. निकिताचं नाव पडलं नोकावाली बाई. साहेब रागावले नाहीत, पण इशाऱ्याचा विनोद होऊन चालत नाही, असं म्हणाले. ती सुट्टीला निघाली तेव्हा त्यांनी सांगितलं, यापुढं तू नुसतं लिही, आवाज दुसऱ्याचा घेऊ.

"बाबा, मले माही बोलीच नडली," ती म्हणाली.

 मारोतरावांना लागलं ते वेगळंच. तो शब्द तिला कोणी दिला? या घरानंच ना. चुलीजवळ जाऊ नोको, विहिरीत वाकू नोको, हे सांगत सांगतच तर तिला वाढवली. त्या दिवशी त्यांचा मृदंगावरचा हात जड पडत राहिला.

सप्ताहाचा शेवटचा दिवस उजाडला. काल्याच्या कीर्तनाला मारेगावच्या विमलताई उभ्या होत्या. सकाळचे अकरा वाजलेले, मांडवात पाच-सहाशे माणूस, कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून आलेलं. निकिताचा मोबाइल वाजला आणि ती देवळाच्या पायऱ्यांकडं गेली. परत आली ती बायांच्या बाजूला गेलीच नाही. सरळ टाळकऱ्यांच्या मधून वाट काढत बापाच्या मृदंगाजवळ येऊन टेकली. चालू कीर्तनात असं कोणी करत नाही. मारोतरावांनी वाजवता वाजवता कान तिच्याकडं केला.

तिनं भराभर सांगितलं. कमी दाबाचा पट्टा एका रात्रीत फिरला होता, त्याचं चक्रीवादळ होऊन ते किनाऱ्याकडं निघालं होतं. उद्या दुपारपर्यंत वारा ताशी नव्वद किलोमीटरवर जाणार, लाटा घराएवढ्या. सकाळपासून दोनदा इशारा गेला, जवळच्या बोटी परतल्या, पण लांबच्या चौदा बोटी जाळी टाकून बसल्या होत्या. बंदरावर वायरलेस सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांचा फोन आला होता. बोटीवाले एकच विचारत होते, की नोकावाली बाई काय म्हणते? ती बोलली नाही म्हणजे अजून वेळ आहे.

"हासत होते, बाबा. पण आयकत माहंच होते." ती म्हणाली. साहेबांनी स्वतः फोन केला होता. असशील तिथून भर आणि लगेच पाठव. पण भोंगा वेशीपर्यंत दणाणत होता. शांतता आणायची कुठून?

मारोतरावांचा हात थांबला.

पाठीत उसण भरली होती त्या वर्षीसुद्धा हा हात थांबला नव्हता. टाळ दोन ठेके एकटेच पुढं गेले आणि लाजून गप्प झाले. विमलताई वळल्या. मारोतराव मृदंग मांडीवरून उतरवून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, समुद्रात मानसं अडकले. माह्या लेकीले दोन मिनिटं मांडव पाह्यजे."

विमलताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर सावरून त्या मांडवाकडं पाहत म्हणाल्या, "तीस वर्सं झाले, मी भवसागर सांगून राह्यली. खरा सागर आज मांडवात आला, बाप्पा. तोंडं मिटा अन् मनातल्या मनात इठ्ठल म्हना." त्यांनी स्वतः माइक बंद केला. तान्ह्या लेकरांना आयांनी पदराखाली घेतलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर येत होता, प्रेमसिंग धावत जाऊन त्याच्यापुढं आडवा उभा राहिला. सहाशे माणसं श्वास सांभाळत बसली. वर निंबावरच्या चिमण्या तेवढ्या बोलत होत्या.

निकिताच्या हातात कार्यालयाचा मजकूर होता. त्यात "जाऊ नये" होतं, "परतावे" होतं. तिनं बापाकडं पाहिलं. काय विचारतेय ते त्यांना कळलं.

"विमलताई अर्थ सांगताना पुस्तकातलं बोलते," ते हळूच म्हणाले. "पन मानसाले हालवाचं असलं का मारेगावचंच बोलते. तू कोनाले सांगून राह्यली?"

"आपल्याच मानसाईले."

"मंग तसंच सांग."

तिनं कागद खाली ठेवला. "भाऊ हो, मी नोकावाली बाई बोलून राह्यली. वादळ तुमच्याकडं निंघालं. उद्या दुपारी नव्वदचा वारा हाय. जाळं तोडा लागलं तं तोडा, पन आता थांबू नोका. अजून खोल जाऊ नोका. घराकडं फिरा. घरचे वाट पाहून राह्यले." एवढंच. बोटानं पाठवलं आणि ती खाली बसली.

मृदंगाच्या डाव्या अंगाला घुमण्यासाठी थापलेली कणीक तेवढ्यात सुकली होती. मारोतरावांनी पाण्याचा हात लावून ती ओली केली, विमलताईंनी गजर उचलला, आणि सांगणारे सांगतात की असा मृदंग फुलसावंगीनं पुन्हा ऐकला नाही. काला वाटून झाला तरी माणूस घरी जाईना. साडेतीनच्या सुमाराला बंदरावरच्या काकांचा निरोप आला. त्यांनी वायरलेसवर लावलेला तिचा आवाज एका बोटीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला ऐकवत सगळ्यांनी तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत चौदाच्या चौदा बोटी काठाला लागल्या. वारा सुटला तो बारा वाजता. काकांनी बंदरावरचे आवाज भरून धाडले होते, ते प्रेमसिंगनं देवळाच्या भोंग्यावर साऱ्या गावाला ऐकवले. वाऱ्याच्या घोंघाटात कोणीतरी हसत ओरडत होतं, "नोकावाली बाई, आलो गो आम्ही!"

मारोतराव तेव्हा ओट्यावर बसले होते. ते उठले, आत गेले, आणि भर दुपारी त्यांनी समई लावली.

निकिता कोकणात परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी समईशेजारून पुन्हा तिचाच आवाज आला. शेवटचा शब्द, नोका, तिनं ठासून म्हटला आणि यावेळी तो कोणी बदलायला सांगितला नाही. प्रेमसिंग अजून हॉटेलात विचारतो, काका, समुद्र काय म्हंते. फरक एवढाच, की आता तो उत्तर ऐकायला थांबतो.

तर मायबापहो, तुम्ही कधी कोकणात गेलात आणि संध्याकाळच्या बोटी काठाला लागताना दिसल्या, तर आमच्या मारोतरावांची आठवण काढा. त्यांनी समुद्र अजूनही पाहिलेला नाही. त्यांच्या वाटचा एक नमस्कार त्या पाण्याला करून या.