अर्धा उखाणा

परंदवडीच्या नंदाबाईंचा उखाणा लाभतो, अशी सोमाटण्यापासून बेडशापर्यंत ख्याती. लग्न ठरलं की पोरी खणनारळ घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. पण नंदाबाईंचा एक नेम होता. नवरा पाहिल्याशिवाय, निदान त्याच्या सवयी ऐकल्याशिवाय, त्या ओळ जुळवत नसत. "कापड बगितल्याबिगर चोळी बेतंल का कुनी?" म्हणायच्या.

हा नेम त्यांचा पोटचा पोर माऊलीच विसरला. गरजवंताला अक्कल नसते, दुसरं काय.

माऊली पुण्यात एम.एस्सी. करत होता. तिथं एलजीबीटी मुलामुलींची 'पंगत' भरायची. दर गुरुवारी कुणाच्या तरी गच्चीवर, डबे उघडून. घरी जे बोलता येत नाही ते तिथं भाकरीसारखं मोडून वाटून खायचं. त्या पंगतीतच त्याला सुहास भेटला आणि वर्षभरात दोघांची एक खोली झाली. पंगतीची सहल लोणावळ्याला जायची, आणि तिथं ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव उखाण्यात घ्यायचं, असा रिवाज. गेल्या साली सुहासनं माऊलीचं नाव असं घेतलं की बंगल्याचा माळीसुद्धा झारी टेकवून हसला. माऊलीची पाळी आली, तर त्याला खोकला आला. पाणी प्यायला गेला तो जेवणाच्या वेळीच उगवला. सुहासनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. यंदा मात्र म्हणाला, "नाव घ्यायचं नसेल तर तसं सांग. मी वाट बघणं सोडतो."

सहल उद्या होती. म्हणून माऊली आज घरी.

नंदाबाई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. शेजारच्या चिमाबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई, एक उखाणा दे. मैत्रिणीला पायजे, मानसीला."

"नवऱ्याचं नाव?"

"सुहास." एवढं म्हणतानाही त्याचे कान तापले. "एक मी जुळवलाय. मोबाईलची बॅटरी टिकते दिवस दोन, सुहासशिवाय मला दुसरं कोण."

"ह्यो उखाना हाय का दुकानाची पाटी?" सूप थांबलं. "मानूस कसा हाय, त्ये सांग."

"चांगला हाय."

"चांगला तर आपला बैलबी हाय."

दोन वाक्यांत आटपायचं असं माऊलीनं वाटेत घोकलं होतं. पण बांध फुटला की पाणी कुणाचं ऐकतं? सुहास शेंगदाण्याची चटणी चमच्यानं खातो. रस्त्यातल्या कुत्र्यांना अहोजाहो करतो. रागावला तर भांडत नाही, भांडी घासतो. दोन दिवसांत खोलीतली पातेली आरशासारखी झालीत. आणि झोपेत सगळं पांघरूण स्वतःकडं ओढून घेतो.

"मानसीला ठावं हाय ह्ये समदं?" चिमाबाईंनी विचारलं.

"असंल की."

"आन तुला कसं ठावं?"

"आमी एका खोलीत राहतो, मावशी."

"अगं बाई." चिमाबाईंना मनापासून काळजी वाटली. "मग त्येंचं लगीन झाल्यावर तू कुटं ऱ्हाणार?"

माऊलीनं चिमाबाईंच्या पुढ्यातली लसणाची पाकळी उचलली आणि सोलायला घेतली.

"लाव त्या पोरीला फोन," नंदाबाई म्हणाल्या. "नवरीच्या तोंडनं ऐकल्याबिगर मला वळ सुचायची न्हाई."

माऊलीनं फोन लावला, आणि मानसीला काही सुचवण्याआधीच तो आईच्या कानाला गेला. "मानसी बाळा, मी माऊलीची आई. तुज्या सुहासला कंची भाजी आवडत न्हाई गं?"

मानसी पंगतीतली सगळ्यांत सरळ पोरगी. खोटं बोलायचं तर तिला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागे. "सुहास? आपल्या माऊलीचा सुहास? मला काय माहीत, काकू. माऊलीलाच विचारा ना, तोच करतो त्याचा डबा."

चिमाबाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येई, आणि देवाची कृपा, फोन त्यांच्या डावीकडं होता.

नंदाबाईंनी फोन हळूच तांदळावर ठेवला. "चिमाबाई, तुमच्या परड्यातला कढीपत्ता आना जा वाईच."

चिमाबाई गेल्या. नंदाबाई सुपात एक खडा शोधत राहिल्या. खडा नव्हताच.

"कारलं खातो का त्यो?"

"न्हाई." माऊलीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"करून घातलंस कंदी?"

"एकदा. मुकाट्यानं खाल्लं, आन मग तांब्याभर पाणी प्याला."

नंदाबाईंच्या ओठाची कड जराशी हलली. "दिवाळीला आलतास तवा दोन डबे चटणी कुटून न्हेलीस. तू तर चटणीला हात लावत न्हाईस. तवापासनं माझ्या मनात व्हतं, ही खातंय तरी कोन." मग सूप मांडीवर घेत म्हणाल्या, "तुज्या बापाला मी सांगन, येळ बगून. तू मदी तोंड घालू नगंस."

माऊलीनं मान डोलावली. नंदाबाईंनी सूप झुलवलं, आणि त्या तालावर ओळ आपसूक आली, जात्यातून पीठ यावं तशी:

"इंद्रायणीच्या भाताला वास सुटला दारी..."

"पुढं?"

"पुडची वळ मानूस बगून. नेम म्हंजी नेम."

"आई, सहल उद्याच हाय."

"मग सकाळच्याला आन त्येला. लोनावळ्याला जायाला सोमाटन्यावरनंच जावं लागतं. किती जन हायसा?"

"तेवीस."

नंदाबाईंनी सुपातल्या तांदळाकडं पाहिलं, आणि कणगीकडं निघाल्या. "बसलास काय? शेंगदानं भाज. चमच्यानं खानारा येतोय."

चिमाबाई कढीपत्ता घेऊन परतल्या. त्यांच्या जिवाला घोर तसाच होता. "मग, काय ठरलं ह्या पोराचं? लगीन झाल्यावर ऱ्हाणार कुटं?"

नंदाबाईंनी कणगीत माप खुपसलं.

"हाय तितंच," त्या म्हणाल्या.