न वाजलेली बेल

"विषय बदला, सिस्टर. यावर संशोधनच झालेलं नाहीये. मी शोधलंय."

मार्गदर्शक मॅडमनी सिस्टरचे प्रबंधाचे टिपण टेबलावरून परत सरकवले. मॅडम वयाने तिच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण वाईट मुळीच नव्हत्या. "हात धुण्यावर करा. ढीगभर संदर्भ मिळतील. शुक्रवारपर्यंत नवा विषय आला नाही, तर समिती तुमचं नाव कमी करेल."

वॉर्डात केस पांढरे झाल्यावर पदवी घ्यायला निघालेल्या बाईला नाव कमी होण्याची धास्ती असतेच. पण विषय सोडायचा म्हणजे चार नंबरच्या आजींना सोडायचे. ऑपरेशननंतर त्या बेल न वाजवता एकट्याच उठल्या, बाथरूमच्या दारात पडल्या आणि त्या दुखण्यातून पुन्हा उठल्याच नाहीत. "तू किती धावत होतीस गं, म्हणून नाही वाजवली," असे म्हणत त्यांनी उलट सिस्टरचीच समजूत काढली होती. बेल उशाशी असूनही माणसे ती का वाजवत नाहीत, एवढेच तिला शोधायचे होते.

घरी येऊन तिने लेकीचा लॅपटॉप पुढे ओढला आणि ड्यूटी सोपवताना लिहितात तसे टाइप केले: पेशंट, बेड क्रमांक चार, बेल न वाजवता उठली, पडली. समोर आले पलंग. मऊ गादीचे, कप्प्यांचे, सवलतीतले. त्यांच्याखाली दारावरच्या बेल.

लेक पोट धरून हसली. "आई, तू त्याला रिपोर्ट देतेयस. आणि हे साधं सर्च इंजिन आहे, विकणाऱ्यांना आधी पुढे करतं."

"मग मॅडमनी कुठे शोधलं असेल?"

"इथेच. पहिलं पान बघून सोडून दिलं असेल. बाबांना चष्मा शोधायला सांगितल्यासारखं."

पलीकडे बाबा खरोखरच चष्मा शोधत होते.

मग लेकीने तिला बाकीची इंजिने दाखवली. एक नुसते अभ्यासकांचे लेख आणणारे. एक तोच प्रश्न चार इंजिनांना विचारून उत्तरे एकत्र करणारे. एक फक्त वैद्यकाचे, ज्याला त्याच्याच भाषेत विचारावे लागते. आणि एक विद्यापीठांतल्या जुन्या प्रबंधांचे. सिस्टर रोज ड्यूटीवरून आली की त्यांच्यापुढे बसायची. हळूहळू पलंग यायचे थांबले आणि लेख यायला लागले. बेल वाजल्यावर नर्स किती वेळात येते, बेलचा आवाज केवढा असावा, बटण कुठे असावे, सगळ्यावर लोकांनी लिहिले होते. न वाजवणाऱ्या माणसाला मात्र कुणी काही विचारलेच नव्हते. तिला थकवा यायला हवा होता, पण आला तो संताप.

शुक्रवारी ती जाडजूड टिपण घेऊन मॅडमसमोर बसली.

"तुमचं बरोबर होतं मॅडम. खरंच नाहीये."

"मग हात धुणं?"

"नाही, हाच विषय. तुम्ही एका ठिकाणी बघून नाही म्हणालात. मी सगळी दारं ठोठावून नाही म्हणतेय. कुठे काय शोधलं, काय सापडलं, सगळं यात मांडलंय. कुणीच विचारलं नसेल, तर मी विचारते."

"समिती परत पाठवेल."

"मी परत आणेन."

मॅडमनी पाने चाळली. "मी तिथे तुमची बाजू घेईनच असं नाही, सिस्टर."

"नका घेऊ. फक्त पुढे पाठवा. बोलायला मी आहे."

मॅडमनी उसासा टाकला आणि सही केली.

दुपारी ती ड्यूटीवर गेली. चार नंबरवर आता एक मावशी होत्या, सकाळीच टाके घातलेल्या. सिस्टरने बेलचे बटण त्यांच्या मुठीत दिले.

"वाजवा."

"आत्ता? काही नकोय गं मला."

"नको असलं तरी वाजवा."

"उगाच तुला त्रास..."

"द्या त्रास. मी दारापाशी जाते."

ती दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मागे थोडा वेळ नुसती चादरीची सळसळ झाली. बाकीच्या खाटांवरच्या बायका माना वर करून बघत होत्या. सिस्टर जागची हलली नाही. मग बेल वाजली, अगदी दबकत, आणि ती धावत गेली.