खुंटीवरची टोपली

टोपल्या विणणाऱ्या बाईंना सगळे वेतबाई म्हणत. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी त्या टोपल्या करत. बाहेरून वेत, आतून कापडी अस्तर, काठाला लोकरीचे गोंडे आणि अंगावर कापडाचे ससे नाहीतर हत्ती. हे सगळं घराच्या पुढच्या खोलीत चाले. मागच्या खोलीत नवरा रेडिओ दुरुस्त करी आणि हाक मारल्याशिवाय उठत नसे.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. लेकीच्या पुस्तकांसाठी त्यांना भिंतीला टांगायची टोपली हवी होती. लेक पाच वर्षांची आहे, तिला मासे आवडतात, असं सांगत त्यांनी कमरेपाशी हात धरून तिची उंची दाखवली. उभ्या उभ्या पुस्तक काढता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आठवड्याभरात टोपली झाली. निळ्या अस्तरावर नऊ मासे पोहत होते. वेतबाईंनी मापाची दोरी ओवून ती खुंटीला टांगली, वजन पेलतं का बघायला आत एक चित्रांचं पुस्तक ठेवलं आणि जेवायला गेल्या. परत येऊन बघतात तर टोपली वीतभर वर. दोरी आखडून कुणीतरी गाठ मारली होती.

त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, माझे गुडघे मला चहा करायला उठू देत नाहीत, तुझ्या टोपलीशी कुठून खेळू?

त्यांनी गाठ सोडली. दुसऱ्या दिवशी टोपली आणखी वर. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं दार आतून लावून घेतलं आणि समोर शिवत बसल्या. दोरा तोडायला मान खाली घातली, तेवढ्यात वेत करकरला. वर पाहिलं तर टोपली हलत होती, थेट त्यांच्या हनुवटीच्या उंचीला. चित्रांचं पुस्तक खाली भिंतीला टेकवून ठेवलं होतं. टोपलीत नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक होतं.

नवऱ्याने ते बाहेर काढलं. त्यानंतर तो काही थट्टा करेना.

डॉक्टरीणबाई न्यायला आल्या तेव्हा वेतबाईंना वाटलं, मुकाट्याने गाठ सोडून देऊन टाकावी. पण हात धजेना. तोवर डॉक्टरीणबाईंचं लक्ष तिकडे गेलं. बुटाच्या नाडीला मारतात तशी गाठ होती ती, एक फास मोठा आणि एक अगदी चिमुकला. त्या तशाच स्टुलावर बसल्या.

लेक जाऊन दहा वर्षं झाली होती. तापाने गेली. त्याच आठवड्यात ती नाडी बांधायला शिकली होती आणि एक फास कायम मोठा राहायचा. आता डॉक्टरीणबाई घर बदलत होत्या. पुस्तकं टाकवेनात, म्हणून टोपली.

वेतबाईंनी घडलं ते सगळं सांगितलं, रेडिओच्या पुस्तकासकट. मग म्हणाल्या, "उंची चुकीची सांगितलीत तुम्ही."

डॉक्टरीणबाई उठल्या. टोपलीच्या काठाशी हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. "मी तिला पाचाचीच धरून बसले," त्या म्हणाल्या. "एवढी झाली होय गं."

गाठ त्यांनी सोडू दिली नाही. टोपली तशीच खुंटीवरून उतरवून छातीशी धरून नेली.

महिन्याभराने वेतबाई दाढ दाखवायला गेल्या. दवाखान्यात बाहेर बसायच्या जागी चित्रांची पुस्तकं रचून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन सांगितलं: टोपलीत आता पंधरा वर्षांची मुलगी वाचेल अशी पुस्तकं ठेवते. दुपारी घर बंद असतं. संध्याकाळी परतलं की एखादं पान दुमडलेलं असतं, रोज थोडं पुढचं.

"भीती नाही वाटत?" वेतबाईंनी विचारलं.

"वाटते," त्या म्हणाल्या. "मला बघून ती ओळखेल का, याची."

वेतबाईंनी त्यानंतर टांगायच्या टोपल्या करणं सोडलं. नवरा हल्ली रेडिओ घेऊन पुढच्याच खोलीत येऊन बसतो. का, असं विचारलं तर म्हणतो, इथे उजेड बरा आहे.