आठला बंद होणारं पान

पुष्पांजलीने तो डबा टेबलावर ठेवला तेव्हाच रामरावांच्या मनात पाल चुकचुकली. डबा कसला, जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, एका अंगाला हिरवा दिवा मिचमिचणारी. पण जी वस्तू नुसती बघून ती काय करते ते कळत नाही, तिची त्यांना धास्तीच वाटायची. नांदुऱ्याच्या या छोट्याशा वाचनालयाचे ते चिटणीस होते. पुस्तकातला माणूस, चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. कोणाला नाही म्हणणं तर त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यातून पुष्पांजली याच बाकांवर अभ्यास करून मोठी झालेली, आता अमरावतीला संशोधन करत होती.

"पण पोरी, हा डबा करते तरी काय?"

"काका, समजा एक बाई मलकापूरहून निघाली. नांदुऱ्याले बस बदलली, खामगावले बदलली, पुढं गेली. आता नांदुऱ्याच्या कंडक्टरले काय माहीत? बाई त्या बसमधून उतरली, अन् खामगावचं तिकीट काढलं. ती मूळची कुठली, शेवटी जाते कोणाकडे, त्याले पत्ताच नाही. इंटरनेटवर असे निरोप पोचवणारं एक जाळं आहे. जगभर लोक त्यासाठी असे डबे सांभाळतात. हा आपला नांदुऱ्याचा कंडक्टर."

"अन् चांगला माणूस तोंड काऊन लपवीन?"

"खरं बोललं की ज्याच्यावर बेतते, तो लपवते."

"चोरही लपवते."

"लपवते न. म्हणून तर अभ्यास करायचा." ती वायर जोडता जोडता बोलत होती. "जिथं लाइन जाते, नेट जाते, तिथं हे जाळं टिकते काय, हे कोणी पाह्यलंच नाही. किती निरोप गेले अन् कुठं अटकले, एवढंच मी मोजते. कोणाचे होते ते मले दिसत नाही. दिसूच नये अशी सोय केली, तेव्हा कुठं विद्यापीठाची परवानगी मिळाली. तुम्हीही शब्द द्या काका. याले हात लावायचा नाही, अन् कोण काय बोलते ते शोधत बसायचं नाही."

रामरावांनी शब्द दिला, तिने पुढे केलेल्या कागदावर सहीही केली. मग ओशाळून म्हणाले, "पण रात्री आठले मेन पडते आपल्याकडे."

"ते माहीत नसायले मी काय पुण्याची आहे? पडू द्या. तेही मोजते."

ही गल्ली कापसाची. मागे एकदा एका जिनिंगात ठिणगी पडून गंजी पेटल्या होत्या. तेव्हापासून इथे जो तो आधी मेन स्विच खाली ओढतो आणि मगच कुलूप लावतो. नवा आलेला माणूसही महिन्याभरात हेच शिकतो. वाचनालयही त्याच गल्लीत. रामरावांचा हात तर झोपेतही त्या स्विचकडे गेला असता.

हे सगळं बोलणं चाललं तेव्हा जहांआरा बाजूच्या टेबलावर पुस्तकांना कव्हरं घालत होती. वाचनालयाचं रोजचं कामकाज तीच बघायची. तिचा नवरा शकूर शेखरशेठच्या आडतीत कापूस तोलायला होता. आणि शेखरशेठ म्हणजे गल्लीतले मोठे व्यापारी, शिवाय वाचनालयाचे अध्यक्ष.

दिवाळी झाली, कापसाची आवक वाढली, आणि गावात 'खरा काटा' निघाला. हे इंटरनेटवरचं एक पान होतं, पुष्पांजलीने सांगितलेल्या जाळ्यातलं. त्यासाठी मोबाइलमध्ये वेगळं ॲप टाकावं लागे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. आज कोणाच्या आडतीतलं मशीन कापसात किती ओलावा दाखवतं आणि त्यापायी भाव किती कापला जातो, एवढंच त्यावर रोज यायचं. एकाच वावरातला, एकाच दिवशी वेचलेला कापूस एका दुकानात कोरडा निघतो आणि दुसऱ्यात ओला कसा, हे शेतकरी आता भाव करताना तोंडावर विचारू लागले. सगळ्यात ओला निघायचा तो शेखरशेठकडे.

रामरावांना झोप लागेना. डबा आला आणि पाठोपाठ हे पान आलं. पोरीने आपल्याला बसची गोष्ट सांगून भलतंच तर काही ठेवलं नाही ना? संशोधनाच्या नावाखाली कोणाचं काम करते ही? आपण सही केली त्या कागदावर नक्की काय होतं? चष्मा होता की नव्हता तेव्हा? शेवटी त्यांनी चहावाल्या पुंजाजीकडे जाऊन, मान खाली घालून, ते ॲप मोबाइलवर टाकून घेतलं.

"तुमालेही चस्का लागला काय, काका?" पुंजाजी हसला.

"नाही, म्हणजे... पाहावं म्हटलं."

एका दुपारी वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. रामरावांनी पान उघडून ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि डब्याची वायर उपसली. पान पुन्हा उघडून बघितलं. उघडलं! डब्याचा काही संबंधच नव्हता. त्यांनी वायर परत खोचली; पोरीवर नाही नाही तो संशय घेतला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण संशयाची खोडच अशी, की एकीकडून सुटला की दुसरीकडे बसायला जागा शोधतो. बाजूला पुस्तकांच्या नोंदीचा जुना कॉम्प्युटर होता. पडदा काळा, पण खालच्या खोक्याचा दिवा लुकलुकत होता. रामरावांनी त्याचं बटण दाबून धरलं. मोबाइलवरचं पान गरगर फिरत राहिलं, उघडेना.

कपाटांच्या आडून जहांआरा आली. ओढणीला हात पुसले, खाली वाकून कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि आली तशी निघून गेली. तिने रामरावांकडे पाहिलं नाही. रामरावांनी पेपर तोंडासमोर धरला होता. थोड्या वेळाने पान उघडलं.

आता सगळं लख्ख दिसू लागलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं. मशीनजवळ दिवसभर उभा राहणारा माणूस कोण? शकूर. शेखरशेठला कळलं तर शकूरच्या हातचा काटा गेला, नोकरीच गेली. मग गल्लीतला एकही व्यापारी त्याला दारात उभा करणार नाही. शिवाय त्या घराचं नाव एकदा निघालं, की त्याला गावात काय काय शेपट्या फुटतील याचा नेम नव्हता. त्या दिवसापासून जहांआराने समोर पाण्याचा ग्लास ठेवला तरी रामराव दचकायचे. तीही त्यांच्याकडे चोरून पाही. दोघं एकमेकांशी पुस्तकांखेरीज काही बोलत नव्हती.

मंगळवारी दुपारी शेखरशेठ आले. चप्पल न काढता आत आले, त्यावरूनच काय ते कळलं.

"रामरावजी, हे पान रोज आठले बंद पडते, सकाळी आठले सुरू होते. लिहिणारा काय कोंबड्यासंगं झोपते अन् कोंबड्यासंगं उठते?"

रामरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"गल्लीतली सारी दुकानं आठलेच मेन पाडतात, म्हणून मी इतके दिवस गप होतो. पण काल सोमवार. साऱ्या दुकानांत लाइन होती अन् पान दिवसभर बंद. सोमवारी सुटी कोणाले असते? एकट्या वाचनालयाले."

जहांआरा कपाटाजवळ पेपर घेऊन उभी होती. तिचे हात थांबले.

शेखरशेठने खिशातून मोबाइल काढला. पान उघडं होतं. "पाडा मेन."

रामराव हलले नाहीत. शेखरशेठ स्वतःच दाराशी गेले आणि खटका खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. शेठ मोबाइलवर बोट ओढत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"मेलं. म्हणजे याच खोलीत आहे." त्यांचं बोट डब्याकडे गेलं. "अन् हे काय? त्या पुष्पांजलीचं संशोधन! आजच तिच्या सरले फोन लावतो. वाचनालयात चोरून डबे ठेवते म्हणाव, व्यापाऱ्यांची बदनामी करते म्हणाव. पाहू कशी होते डॉक्टर!"

"डब्याचा... संबंध नाही," रामराव म्हणाले.

"मग कोणाचा आहे?"

पोरीला वाचवायचं तर कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचं. कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं की पुढचा प्रश्न एकच, तो चालवतो कोण.

"काका..." जहांआराने तोंड उघडलं.

"जहांआरा, पेपरच्या घड्या करून ठेव," रामराव म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजात ते या खोलीत कधी बोलले नव्हते. मग शेठकडे न बघता म्हणाले, "इथली हरेक वस्तू चिटणीसाच्या ताब्यात असते. हे पानही माझ्याच ताब्यातलं."

शेखरशेठ आधी हसले. "तुमी? तुमाले मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही, अन् तुमी पान काढता? परवा काय होतं त्याच्यावर, सांगा बरं."

रामरावांनी सांगितलं. दुकानांची नावं, कुठल्या मशीनने काय दाखवलं, ओळीने. वाचलेलं ते विसरत नसत. आयुष्यात तेवढंच एक त्यांना येत होतं. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"शिकले कुठून हे?"

"पुस्तकात असते सारं."

आणि हे मात्र शेठला पटलं. सगळ्या गावाला या एका माणसाबद्दल पुस्तकांपलीकडे दुसरी काही माहितीच नव्हती.

"अन् मशीनवरचे आकडे कोण देते? माझ्या आडतीतला कोण?"

रामरावांची जीभ टाळ्याला चिकटली, नेहमीसारखीच. शेठ वाट बघत राहिले. शेवटी वैतागून म्हणाले, "वावरवाले येऊन सांगत असतील. तुमच्यापाशी काय, सारेच येऊन बसतात. पोलिसात गेलो तर आडतीतलं मशीनच पाहतील आधी, म्हणून सोडतो. पान आज बंद व्हाले पाहिजे. राजीनामा द्या, अन् चावी..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "चावी या बाईजवळ ठेवा, दुसरा माणूस मिळेतोवर."

रामरावांनी कागद लिहून दिला. शेठ गेले. जहांआराने चावी घेतली आणि ती त्यांच्यासमोरच उभी राहिली. ती काही बोलेल म्हणून रामराव भराभर चपला घालून बाहेर पडले; तिने सांगितलं असतं तर मग माहीत नाही म्हणायची सोय उरली नसती.

पुंजाजीच्या टपरीपर्यंत पोचले तोवर फोन वाजला. पुष्पांजली होती.

"काका, डबा बंद दाखवून राह्यला. लाइन गेली काय?"

"मेन पडला होता. लाइन येईन आता."

"दुपारी? काऊन? कोणी आलं होतं काय?"

"नाही. कोणी नाही."

"जहांआराताई बऱ्या आहेत न?"

रामराव रस्त्यातच उभे राहिले. मागून कापसाच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला तसे कसेबसे बाजूला झाले. डब्याबद्दल विचारणाऱ्या पोरीला जहांआराची आठवण कशी झाली? कॉम्प्युटरवर असं पान ठेवायला जहांआराला कोणी शिकवलं होतं? एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. पोरगी त्यांच्याशी खोटं बोलली नसती.

"बरी आहे," ते म्हणाले. "पेपरच्या घड्या करून राह्यली."

मग पुष्पांजली हळूच म्हणाली, "बरं, काका," आणि तिने फोन ठेवला.

समोर शेखरशेठच्या आडतीच्या ओट्यावर दोन माणसं उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. एकाने दुसऱ्याच्या कानाला तोंड लावलं. घरी जायला अजून सगळी दुपार होती. रामराव टपरीच्या बाकावर टेकले आणि त्या दोघांकडे पाठ करून बसले.