पाचवी सवाष्ण

प्रेमानं मुसळाला आंब्याची डहाळी बांधली, सुताची गाठ आवळली आणि पदर खोचून उखळापाशी उभी राहिली. पुतणीच्या लग्नाचा घाणा भरायचा होता. पाच सवाष्णींनी मुसळ धरायचं, हळकुंडं कुटायची आणि तीच हळद उद्या नवरीच्या अंगाला लावायची. चौघी केव्हाच्या येऊन बसल्या होत्या. पाचवी हट्टा गावाहून यायची, तिची बस चुकली. मग अडलं कुठं? प्रेमा होतीच की. पण थोरल्या जाऊबाई उगाच परात पुसत, दाराकडं बघत राहिल्या, आणि मुळात पाचांत आपलं नावच नव्हतं हे प्रेमाला तिथं कळलं.

मुहूर्त टळतोय म्हणून बाहेरून नवरीच्या वडलांचा, सूर्यकांत भावजींचा आवाज चढला. तेव्हा जाऊबाईंनी माडीवर भाड्यानं राहणाऱ्या पुनमला हाक मारली. शिरड शहापूरची ही पोरगी दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेली; तिचं आडनावसुद्धा जाऊबाईंना धड ठाऊक नव्हतं. ती बिचारी कणकेचे हात धुऊन धावत आली. जाऊबाईंनी प्रेमाच्या हातातलं मुसळ काढून तिला दिलं आणि तू बस गं जरा, दमली असशील, असं प्रेमाला गोड आवाजात सांगितलं.

दमायला काय झालं होतं तिला? वसमतमध्ये हळद दळायची गिरणी तिनं एकटीनं उभी केली होती. सहा बायका हाताखाली, पुड्या नांदेडपर्यंत जायच्या. आज उखळात पडलेली हळकुंडंही तिनंच निवडून आणलेली. नवरा धडधाकट, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोष एवढाच, की करोनाच्या दुसऱ्या लाटेत बायकांच्या मयताला बायका हात लावेनात, तेव्हा ती पुढं झाली. आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, अहेव गेली असेल तर हळदकुंकू लावायचं. साथ गेली, पण काम सुटलं नाही. ज्या घरात कुणी बाई नाही, तिथून निरोप आला की प्रेमा गिरणी सोडून निघायची. गावानं शाल दिली, नारळ दिला, पेपरात फोटो आला. आणि मग डोहाळजेवणाची, बारशाची बोलावणी एकेक करत बंद झाली. कुणी वाईट बोललं नाही हो. गोड बोलून काटा काढायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

मुसळाचे ठोके सुरू झाले तशी ती जाऊबाईंच्या मागं स्वयंपाकघरात गेली. आज तिला राहवलंच नाही.

"माझ्या हाताला काय झालंय, बाई? आपल्या सासूला याच हातानं न्हाऊ घातलं. पोटच्या दोन लेकी अंगणात उभ्या होत्या."

उत्तर आलं ते आतल्या खोलीतून.

"आईला काही म्हणू नको, काकू. मीच न्हाई म्हणाले."

देवश्री दारात आली होती, हातभर मेंदी लावलेली. शाळा सुटली की ही पोर थेट गिरणीवर यायची. पोत्यांवर झोपायची, काकूच्या ताटात जेवायची. आता पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरीला होती. प्रेमाला वाटलं होतं, काही झालं तरी हिच्या हळदीला आपला हात लागणारच.

"काहून गं?"

"आजी गेली तेव्हा मी खिडकीतून बघून राहिले होते. तू तिच्या गालाला हळद लावली, मग पायाला. उद्या तुझा हात लागला की मला तेच दिसेल. मला कळतं गं, हे बराबर न्हाई. पण मला भीती वाटते."

बोलता बोलता पोर रडायला लागली. मेंदीमुळे तिला डोळे पुसता येईनात. प्रेमाचा हात सवयीनं तिच्या गालाकडं गेला. देवश्रीनं मान मागं घेतली. फार नाही, बोटभर.

जाऊबाईंवर रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं. लेकरावर काय रागवायचं? प्रेमानं हात पदराला पुसला, स्वच्छ होता तरी पुसला, आणि नीट जेवत जा, वाळलीस, एवढंच म्हणून ती बाहेर पडली. ओसरीवर घाण्याची गाणी रंगात आली होती.

फाटकापाशी जाऊबाईंनी तिला गाठलं. मी पोरीला खूप समजावलं, शपथ घालून सांगते, म्हणाल्या. प्रेमा चपला घालत होती. जाऊबाईंनी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"प्रेमा, माझ्या वेळेला मात्र तूच ये हं. दुसऱ्या कुणाचा हात नको मला."

प्रेमानं हळूच हात सोडवून घेतला.

"येईन की, बाई," ती म्हणाली. "त्याला आवतण लागत न्हाई."